बद्द वाजणारी फरशी

पेडगावहून निघून सोयाबीनच्या रानातली अर्धीअधिक वाट सरली होती, तेव्हा भगवानरावांनी डोक्यावरची फरशी पुन्हा एकदा बांधावर टेकवली आणि तिच्या बाजूला बसून घेतलं. फरशी गोणपाटात गुंडाळलेली, सुतळीनं आवळलेली. हात-दीड हाताचीच, पण जुन्या काळची जाडजूड शहाबादी. नीलमनं पाण्याची बाटली पुढं केली.

"मामा, आता मी घेते डोक्यावर."

"तू? नगं बाई. पायावर पडली तर तुझी सासू मला फोडंल."

"रोज घागर घेतेच की."

"घागर सांडली तर पाणी जातं. ही सांडली तर आजचा दिस जाईल माझा."

नीलम त्यांच्या शेजारच्या घरची सून. गावच्या रीतीप्रमाणे ती त्यांना मामा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला, सगुणाबाईला, आत्याबाई. आज तिला सोबत पाठवलं होतं ते सगुणाबाईनंच. "त्यांचा भरवसा न्हाई," सकाळीच तिनं बजावलं होतं. "दगड दिसला की माणूस घर इसरतंय. तू जा संगं."

खरं तर एवढं चालायचं कारण नव्हतं. पेडगावच्या थांब्यावर एस.टी. आली होती. पण कंडक्टरनं दारातच अडवलं. "बाबा, हे काय? लगेज फाडू का हाफ तिकीट?"

"ज्येष्ठाची सवलत लावा," भगवानराव म्हणाले, "माझ्यापरीस वयानं मोठी हाय ती."

बसमधली माणसं हसली, कंडक्टरही हसला, पण फरशी काही घेतली नाही. कुणाच्या पायावर पडली तर निस्तरायचं कुणी, म्हणाला. जीपवाला तर थांबलाच नाही. मग दोघं पायी निघाली. काळ्या रानातली वाट, नुकताच पाऊस उघडलेला, चपलेला चिखलाचे गोळे धरायलेले. शेवटी नीलमनं पदराची चुंबळ केली, त्यांचं न ऐकता फरशी डोक्यावर घेतली आणि चालू लागली. भगवानराव मागून येत राहिले, हात पुढं धरून, जशी काही ती पडली तर झेलणारच होते.

भगवानरावांनी उभी हयात फरशी बसवण्यात घातली. पाथरीपासून पालमपर्यंत त्यांनी बसवलेली घरं, शाळा, दवाखाने, बुद्धविहार. गुडघ्यावर बसून दगड लावायचा, थापीनं दाबायचा, मुठीनं ठोकून कान लावायचा. खणखणीत वाजला तर बसला. बद्द वाजला तर खाली पोकळी हाय, काढ आन् पुन्हा लाव. हाच त्यांचा धर्म, असं ते थट्टेनं म्हणायचे. मशीनचे कटर आले तेव्हा त्यांनी तेही हातात धरलं, कानात बोळा न घालता. त्या किरकिरीनं त्यांचे कान हळूहळू गेले. पण हे ते कधी कबूल करत नसत. "लोकंच हळू बोलायलेत आजकाल," म्हणायचे.

सगुणाबाईचे डोळे गेले तेही असेच, गाजावाजा न करता. काचबिंदू निघाला. परभणीच्या डॉक्टरनं तपासलं आणि सांगितलं, गेलेली नजर माघारी येत नसते, यायला उशीर केला तुम्ही. ती ऐकून घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या उतरली आणि नवऱ्याला म्हणाली, "चला. भाजी घ्यायची न्हवं का?" त्यानंतर कधी कुणी तिला त्या डोळ्यांवरून रडताना पाहिलं नाही.

ती एका गोष्टीत मात्र हटून बसली. आंघोळ आपली आपण करायची. कुणाचा हात लागू द्यायचा नाही. सून बबिता परभणीहून आली, की प्रेमानं म्हणायची, "आत्या, मी घालते ना अंघोळ, पाठ चोळून देते." सगुणाबाईचं उत्तर ठरलेलं. "मेल्यावर घाला की चौघीजणी मिळून. तवा कुठं मी न्हाई म्हणणाराय?"

म्हणून भगवानरावांनी न्हाणी तिच्यासाठी केली. नजर पुरती जायच्या आधीच, ती माहेरी गेलेली असताना. उंबऱ्यालगतच्या फरशीवर त्यांनी दगड कोरायच्या टाकीनं आडव्या रेघा मारल्या. बसायच्या फरशीवर उभ्या. मोरीच्या तोंडाशी नुसते ठिपके. आडव्या लागल्या की दार, उभ्या लागल्या की बैठक, ठिपके लागले की थांब, पुढं उतार हाय. ती परत आली, आत गेली आणि आतूनच ओरडली, "हे काय खरडून ठेवलंय? कोंबड्या नाचल्यात का न्हाणीत?"

भगवानराव बाहेर उभे होते.

थोड्या वेळानं आतून पुन्हा आवाज आला, जरा खालच्या पट्टीत. "ह्या आडव्या दाराच्या हायत व्हय?"

तेव्हापासून ती न्हाणी तिच्या पायांची झाली. पौर्णिमेला पहाटेच आंघोळ करून, पांढरं लुगडं नेसून, ती एकटी न्हाणीतून बाहेर यायची आणि अंगणात उभी राहून हाक द्यायची, "नीलम, झालं का गं?" मग दोघी हात धरून विहारात जायच्या. वाटेत हात धरलेला तिला चालायचा. न्हाणीत नाही.

आता ती न्हाणी बिघडली होती.

बोअरचं पाणी खारं. त्याचा पांढरा थर वर्षानुवर्षं रेघांमध्ये बसत गेला. दोन फरश्यांमधल्या दरजांतलं सिमेंट झिजलं, पाणी खाली मुरलं. खाली तर काळी माती. तिचा काय नेम? उन्हाळ्यात भेगाळते, पाणी पिली की फुगते. तिनं बैठकीची फरशी खालून उचलली, आणि पाणी मोरीकडं जायचं सोडून दाराकडं यायला लागलं. त्यात भगवानरावांचीच एक चूक. दर साली भीमजयंतीच्या आधी वस्तीत घराघराला चुना लागतो. तेव्हा ते घरच्या सगळ्या फरशीला गोडतेल आणि रॉकेल कालवून फडक्यानं घोटायचे. फरशी कशी काळीभोर, लखलखीत दिसायची. सगुणाबाईला दिसत होतं तेव्हा ती फरशीवर हात फिरवून म्हणायची, "तोंड दिसतंय की माझं." नजर गेली तरी त्यांनी ती घोटाई सोडली नाही. न्हाणीतसुद्धा. वरून तेल, खालून ओल. कोंडलेलं पाणी जाईल कुठं? बैठकीच्या फरशीचे पापुद्रे सुटायला लागले, करपलेल्या भाकरीसारखे. आणि पापुद्र्याबरोबर उभ्या रेघा निघून गेल्या.

श्रावणात सगुणाबाई तिथंच घसरली. कोपर सुजलं. थोरला सिद्धोधन परभणीहून मोटारसायकलवर आला. तो कचेरीत कारकून. स्वभावानं वाईट नाही, पण आईचं सुजलेलं कोपर बघून त्याचा जीव खालीवर झाला.

"बाबा, हे सगळं उखडू. खरखरीत टाईल येते आता, बाथरूमचीच. नायतर दोघंबी परभणीला चला. बबिता हाय, मी हाय."

"वर्षावास संपू दे, आश्विन पुनवेपर्यंत," भगवानराव म्हणाले. "तवर मी नीट करतो. न्हाई झालं तर तुझी टाईल."

बाप-लेकाचं असं ठरलं. त्याच दिवसापासून भगवानराव कामाला लागले. ऍसिड आणून ओत म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यांनी ऐकलं नाही, शहाबादी ऍसिडनं खाल्ली जाते. ओल्या विटेच्या तुकड्यानं घासून घासून त्यांनी खाराचा थर काढला. राख आणि खडूच्या भुकटीचा लेप देऊन, वर गोणपाट टाकून, तेल ओढून काढायला बघितलं. थोडं निघालंही. दाराच्या आडव्या रेघा पुन्हा लागायला लागल्या, मोरीचे ठिपकेही. पण बैठकीची फरशी गेलेलीच होती. तिच्या जोडीचा दगड हवा होता. परभणीच्या दुकानांत चकचकीत, मशीननं कापलेला, बोटभर पातळ माल. तेव्हा त्यांना पेडगावचा आश्रुबा आठवला. आश्रुबानं जुना गोठा पाडला होता आणि गोठ्यातल्या फरश्या बांधाला रचून ठेवल्या होत्या. "ने की लेका," आश्रुबा म्हणाला, "बैलंबी गेली, गोठाबी गेला. मी काय पूजा करू हिची?" भगवानरावांनी त्यातली एक उचलली, मुठीनं ठोकली, कान लावला, मान डोलावली.

तीच फरशी घेऊन आता दोघं गावाच्या शिवारात शिरली. दिवस कलला होता.

सगुणाबाई ओट्यावर बसून वाटच बघत होती. म्हणजे कानानं बघत होती. "चपलांचा आवाज जड हाय," ती म्हणाली. "आणली म्हणायची."

"आणली. अस्सल चीज हाय," भगवानराव म्हणाले. नीलमनं फरशी ओट्याला टेकवली, त्यांनी गोणपाट सोडलं आणि मोठ्या ऐटीत मुठीनं ठोकून दाखवली. "आईक."

सगुणाबाईनं मान वाकडी केली. "बद्द वाजायलीय."

"कुठं बद्द? खणखणीत हाय."

"पुन्हा वाजवा."

त्यांनी पुन्हा ठोकली.

"अवो बद्द हाय. मडकं फुटल्यावानी. आत पाणी प्यालीय ती. गोठ्यातली हाय, बैलाच्या मुतात उभी राहिलीय जन्मभर."

"तुला डोळे न्हाईत, तू दगडाचं सांगती मला?"

"आन् तुमाला कान न्हाईत."

नीलम हसली, तशी दोघंही हसली. सगुणाबाई तर पदर तोंडाला लावून हसली. पण हसणं ओसरल्यावर भगवानरावांनी फरशीवर हात ठेवला. मग म्हणाले, "लागंल ती. उलटी करून लावीन."

नीलम त्या रात्री घरी गेली, दिवा लावला, वंदना म्हणाली. शेवटी डोळे मिटून तिनं मनात एकच इच्छा धरली. फरशी लागू दे. बुद्धापाशी असलं काही मागत नसतात, हे तिला कळत होतं. तरी तिनं धरली.

दुसऱ्या दिवसापासून न्हाणीत पहारेचा आवाज सुरू झाला. भगवानरावांनी जुनी फरशी उचलली, खालची फुगलेली काळी माती घमेल्या-घमेल्यानं बाहेर काढली, मुरूम भरला, धुम्मस मारून दाबला. गुडघे वाजत होते त्यांचे. उठताना भिंतीला धरून उठायचे. नीलम मधून मधून चहा नेऊन द्यायची, मुरुमाची घमेली उचलू लागायची. पाणसळ ठेवून, उतार बघून त्यांनी आश्रुबाची फरशी बसवली. तांब्याभर पाणी ओतलं. पाणी सरळ मोरीकडं गेलं. त्या वेळी त्यांच्या तोंडावर जे हसू आलं, ते नीलमनं नंतर पुन्हा कधी पाहिलं नाही.

चार-आठ दिवस त्यांनी दरजा वाळू दिल्या. तोवर सगुणाबाई अंगणात, साडीचा आडोसा करून अंघोळ करायची, आणि बाहेर वारं लागतंय म्हणून कुरकुरायची. मग रेघा मारायचा दिवस आला. भगवानरावांनी टाकीला धार लावली. फरशीवर खडूनं उभ्या रेघा आखल्या. पहिला घाव तिरका पडला. दुसरा बरोबर पडला. तिसऱ्या घावाला फरशीतून एक आवाज आला, वाळलेली शेंग तडकावी तसा, आणि फरशीचा वरचा अख्खा पापुद्रा, कडेपासून कडेपर्यंत, सुटून वर आला. त्याखाली ओलसर, पिवळट, भुसभुशीत अंग दिसलं. बोटानं खरवडलं तरी निघत होतं.

भगवानराव तसेच गुडघ्यावर बसून राहिले. टाकी हातात, हातोडी हातात. नीलम दारात उभी होती.

"काय झालं?" सगुणाबाईनं ओट्यावरून विचारलं.

"काय न्हाई," भगवानराव म्हणाले. "जरा साफ करायलोय."

काय झालं ते सगुणाबाईला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे नीलमला कळलं होतं. त्या घरात त्या क्षणी फक्त एकट्या भगवानरावांना वाटत होतं, की आपण लपवलं.

त्यांनी मग त्या फरशीवर सिमेंटचा हात मारला. वरून गुळगुळीत न करता झाडूनं ओरखडे ओढले. धकंल, म्हणाले. पण झाडूचे ओरखडे काही टाकीच्या रेघा नव्हेत. ते कुठंही जातात. आणि सिमेंट ओल्या भुसभुशीत दगडाला धरत नाही, हे ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं, त्यानं ते स्वतःच्या घरात मारलं.

आश्विन पौर्णिमा आली. वर्षावासाचा शेवटचा दिवस. वस्तीत सगळीकडं खिरीचा वास. नीलम पांढरी साडी नेसून नेहमीच्या वेळेला हाकेची वाट बघत थांबली. हाक आली नाही. थोडा वेळ गेला, तरी आली नाही. मग तीच गेली.

अंगणात भगवानराव पाटावर बसून चपलेचा अंगठा शिवत होते, न्हाणीच्या दारापासून चार पावलांवर. "जयभीम मामा. आत्याबाई कुठं हायत?"

"जयभीम. न्हातीया आजून," ते म्हणाले. "लय वेळ लावायलीय आज."

आणि तेवढ्यात नीलमला तो आवाज ऐकू आला. बारीक, दमलेला. "अवो... अवो, ऐकायलेत का..." किती वेळचा चालला होता कोण जाणे. भगवानराव मान खाली घालून दोरा ओढत होते.

नीलमनं दार लोटलं. सगुणाबाई ओल्या फरशीवर कोपऱ्यात बसलेली होती, भिंतीला पाठ लावून, ओलं लुगडं अंगाशी आवळून. सिमेंटचा पोपडा सुटून पायाखाली आला होता. ती पडली नव्हती. घसरता घसरता सावरून खाली बसली होती, पण मग दार कुठं, मोरी कुठं, काही लागेना. जिकडं पाय लांब करावा तिकडं सिमेंटचा कचरा. अंग थंडगार पडलेलं.

"नीलम हाय व्हय?" ती म्हणाली. "बरं झालं बाई. ह्यांना बोलवायलेय कवाधरनं." मग एकदम आवाज बारीक करून, "त्यांना सांगू नको. किती हाका मारल्या ते सांगू नको."

नीलमनं तिला हात दिला. सगुणाबाईनं तो धरला. त्या न्हाणीत पहिल्यांदा.

पण भगवानराव दारात येऊन उभे होते. त्यांना ऐकू आलं नसेल, पण दिसत तर होतं. ओलं लुगडं दिसलं, निळे पडलेले ओठ दिसले, आणि नीलमचा हात दिसला. ते बाजूला झाले. वाट दिली.

त्या दिवशी सगुणाबाई विहारात गेली नाही. नीलमही गेली नाही. तिनं घरीच चुलीवर पाणी तापवून तिला शेकलं, अंग पुसलं, पांढरं लुगडं नेसवलं. सगुणाबाई लहान पोरीसारखी नेसवून घेत होती आणि तोंडानं वंदनेतलं त्रिसरण म्हणत होती. नीलम तिच्या सुरात सूर मिळवायचा प्रयत्न करत होती, जमत नव्हतं.

बाहेर भगवानरावांनी सिद्धोधनला फोन लावला. त्यांना ऐकू येत नाही म्हणून ते फोनवर ओरडूनच बोलायचे. सगळ्या आळीनं ऐकलं. "टाईल घेऊन ये! खरखरीत बघ! हां! आन् माणसं घेऊन ये उखडायला! मला न्हाई जमत आता!"

आत सगुणाबाईचे ओठ थांबले. मग पुन्हा हलू लागले.

सिद्धोधन रविवारी येऊन माप घेऊन गेला. आईच्या शेजारी बसला, तिचा हात हातात घेतला. "आई, भिंतीला स्टीलचा दांडा बसवतो धरायला. बबिता म्हणतीय, दर आठवड्याला येईन."

"बसव बाबा," सगुणाबाई म्हणाली. "तू कशाला वाईट वाटून घेतोस? तुझ्या बापानं लय केलं. पाण्यापुढं कुणाचं चालतं?" मग तिनं विचारलं, "जुन्याचं काय करणार?"

"फुटून निघंल ती. भराव्यात टाकू."

"सगळी?"

"सगळीच काढावी लागते आई. टाईलला खालून सपाट लागतं."

तिनं मान हलवली. दाराजवळच्या आडव्या रेघा अजून शाबूत होत्या, मोरीचे ठिपकेही होते. त्या आठवड्यात नीलमनं तिला दुपारच्या वेळी न्हाणीच्या उंबऱ्यात बसलेली बघितली. अनवाणी पाय आत सोडून, अंगठ्यानं त्या आडव्या रेघा एकेक करून चाचपत.

टाईलवाले यायच्या आदल्या संध्याकाळी नीलम ओट्यावर तूर निवडत बसली होती. भगवानराव आले आणि उभेच राहिले. सगुणाबाई आत झोपली होती. तरी ते नीलमच्या बाजूला वाकले आणि हळू बोलायला बघितलं. पण त्यांना स्वतःचा आवाज कळत नव्हता. म्हणून ते पुन्हा सरळ झाले, नीलमला खुणेनं उठवलं आणि अंगणापलीकडच्या बाभळीपर्यंत चालत घेऊन गेले.

"एक काम करतीस का बाई?"

"सांगा की मामा."

"उद्याला तिला घेऊन जा कुठंतरी. आपल्या विहारात नगं, तिथवर तिला ऐकायला येईल. तिचे कान तुला म्हाईत हायत." त्यांनी खिशातून टाकी काढली, हातात फिरवली, पुन्हा खिशात घातली. "पेडगावच्या विहारात ने. पायी ने, त्याच वाटेनं. आश्रुबाच्या घरी च्या पी. बसवून घे त्याला बोलत, लय बोलतो तो. दगड फुटताना तिनं ऐकू नये. मी बसतो हितं. मला काय, मला तसंबी ऐकू येत न्हाई."

मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद देतात तसा नव्हे, आधाराला भिंत धरतात तसा.

"आन् नीलम, तिनं किती जरी म्हणलं, 'चल आता घरी', तरी अंधार पडल्याबिगर माघारी आणू नगंस."